पाट्या मोजून मतं कळत नाहीत

अमेरिकेत निवडणूक आली की तिथल्या नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक दावा हमखास येतो: "सर्व्हे विसरा. गाडी काढा आणि घरांपुढच्या हिरवळीवर कोणाच्या प्रचाराच्या पाट्या जास्त आहेत ते बघा. लोकांचा उत्साह तिथेच दिसतो, आणि तोच उमेदवार जिंकतो." सोबत चालत्या गाडीतून काढलेला व्हिडिओ. हा दावा मला निरुपद्रवी वाटत नाही, म्हणून त्याचा एकेक भाग तपासू.

"जिथे पाट्या जास्त, तिथे मतं जास्त." पाटी रोवायला आधी अंगण लागतं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरातली कितीतरी जुनी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. दार उघडलं की थेट फुटपाथ. अपार्टमेंटमधल्या भाडेकरूचा तर प्रश्नच नाही. २०२० मध्ये या एका शहराने बायडन यांना सहा लाखांवर मतं दिली. त्याच पेनसिल्व्हेनियातल्या ग्रामीण फुल्टन काउंटीत ट्रम्प यांना ८५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, पण तिथलं एकूण मतदानच जेमतेम आठ हजार. गाडीतून मात्र मैलोन्‌मैल फुल्टनसारखाच मुलूख दिसत राहतो.

"पाटी म्हणजे उत्साह." घरमालकाने स्वतः हौसेने लावली असेल तर त्याचा उत्साह खराच, तो मी नाकारत नाही. पण पाच पाट्या लावणाऱ्यालाही मत एकच, आणि शेजाऱ्यांशी वितुष्ट नको म्हणून गप्प बसणाराही मतदानाला जातो. रस्त्याकडेच्या, चौकातल्या पाट्या तर अनेकदा प्रचारातली माणसंच रोवून जातात. कोलंबिया विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाट्यांवर चार प्रयोग केले. कोणत्या मतदान विभागांत पाट्या लावायच्या, हे त्यांनी चिठ्ठ्या काढाव्यात तसं ठरवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मतांवर सरासरी परिणाम झाला सुमारे १.७ टक्क्यांचा. अटीतटीच्या लढतीत एवढंही पुरतं, हे मान्य. पण त्या विभागांतून जाणारा "इथे काय जोर आहे!" असंच म्हणाला असता, आणि तो जोर तिथल्या मतदारांनी दाखवलेला नव्हताच.

"२०१६ ला पाट्यांनीच खरं सांगितलं." म्हणजे सर्व्हे काहीही म्हणोत, ट्रम्प जिंकले. मग २०१२ चं काय? वॉल स्ट्रीट जर्नलच्या स्तंभलेखिका पेगी नूनन यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी लिहिलं होतं की फ्लोरिडात आपल्याला ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांच्या पाट्या दिसल्या, ओबामांच्या नाही. ओहायोतून आणि राजधानी वॉशिंग्टनच्या उच्चभ्रू वायव्य भागातूनही तेच कानावर येतंय, असंही त्यांनी लिहिलं. ओबामांनी फ्लोरिडा जिंकलं, ओहायो जिंकलं, आणि वॉशिंग्टन शहरात त्यांना ९० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. जुळलेली निवडणूक तेवढी लक्षात ठेवायची आणि चुकलेली सोडून द्यायची, तर कुठलाही ठोकताळा खरा ठरेल.

"एवढ्या पाट्या असताना हरतीलच कसे?" माझा खरा आक्षेप आहे तो या वाक्यावर. २०२० मध्ये बायडन यांनी पेनसिल्व्हेनिया ८० हजारांवर मतांनी जिंकलं, आणि पाट्यांची, झेंड्यांची, सभांच्या गर्दीची दृश्यं घोटाळ्याचा पुरावा म्हणून फिरू लागली. बायडन यांनीच थोडक्यात जिंकलेल्या जॉर्जियात तर जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या. निकाल तोच राहिला. निकालाविरुद्धचे दावे एकामागून एक न्यायालयांत फेटाळले गेले. तरीही संशय हटला नाही, आणि मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या साध्या कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.