यवतेश्वरच्या चढावर ऑटोमॅटिक

सप्टेंबरातल्या रविवारी दहाच्या पुढे कासला निघालेल्या माणसाला फुलं दिसायच्या आधी पुढच्या गाडीचा नंबर पाठ होतो. यवतेश्वरच्या घाटात रांग, समोर चढ, मागे जीपवाला हॉर्नवर बसलेला. शेजारच्या गाडीतला क्लच दाबून दाबून दमलेला गृहस्थ आपल्याकडे बघतो. ‘तुमचं बरंय, ऑटोमॅटिक आहे.’

कसलं बरं! त्याचं काम न्यूट्रल टाकून हँडब्रेक ओढला की संपतं. आपली गाडी डीमध्ये (ड्राइव्ह, पुढे जायचा गिअर) उभी आहे, म्हणजे दावं सुटायची वाट बघतेय. ते दावं धरायचं काम उजव्या पायाचं.

आणि डावा पाय? तो रिटायर झाल्यावरही रोज ऑफिसात येऊन बसणारा साहेब. म्हैस आडवी आली की जुन्या सवयीनं क्लच दाबायला पुढे होतो. तिथं क्लच नसतो, ब्रेकचं रुंद पेडल असतं. क्लचच्या जोरानं ब्रेक दाबला की मागच्या सीटवरचे कंदी पेढे पुढच्या सीटवर येतात. पहिला महिनाभर या साहेबांना मागे ओढून बसवावं.

खरी गोची अशी की ‘ऑटोमॅटिक’ हे नाव नाही, आडनाव आहे. घरात भाऊ चार, स्वभाव चार.

थोरला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाकडे पंप, गिअरबॉक्सकडे टर्बाइन, मध्ये तेल. इंजिन ७००-८०० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असलं तरी पंप तेल फेकतो, तेल टर्बाइनला ढकलतं, आणि सपाटीवर ब्रेक सोडला की गाडी आपसूक सरकते. ब्रेक दाबलेला असताना टर्बाइन थांबते, पण पंप फिरतोच. तेल घुसळलं जातं. ताक घुसळलं तर लोणी येतं, इथं नुसती उष्णता येते. गाडी त्या हिशेबानंच बनवलेली असते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या थांब्याला डी सोडायचं कारण नाही. फक्त ब्रेक पक्का दाबावा. पाय नुसता टेकवलेला असला, एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि इंजिनाचा आवाज चढला, की गाडी वीतभर पुढे जाते. पुढच्याचा बंपर बहुधा तेवढ्याच अंतरावर असतो.

धाकटा एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओतून आला आणि स्वस्त म्हणून घरोघरी पोचला. याच्यात तेलाचं घुसळण नाही. क्लच साधा, गिअरबॉक्स साधा. क्लच दाबायला पायाऐवजी यंत्र. ब्रेक दाबला की क्लच सुटतो, म्हणून उभं राहायला हा सगळ्यात शहाणा. ब्रेक सोडला की मात्र क्लच अर्धवट लावून सरकतो. सपाटीवर चालेल, चढावर प्रत्येक फुटाला क्लचची प्लेट घासते. त्यातून काही जण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. मग वास येतो. घाटात कणसं भाजल्याचाही वास असतो, पण दोन्हींतला फरक नाकाला कळायला हवा. कणीस भाजल्यावर खाता येतं.

उपाय सोपा आहे. हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून हलका ॲक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक सोडा. चढावर गाडी मागे घसरू न देणारा हिल होल्ड असेल तर तो ब्रेक दोन-तीन सेकंदच धरतो. तेवढ्यात निघावं, ‘निघू का?’ हे घरच्यांना विचारत बसू नये.

तिसरा डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच. नावाप्रमाणे याला दोन क्लच. ते कोरडे असले तर इंच-इंच सरकण्यानं तापतात आणि गाडी स्क्रीनवर तक्रार लिहिते. मग बाजूला घ्यायची, पीमध्ये (पार्किंग) टाकायची, थंड होऊ द्यायची. हे टाळायला पंधरा फूट जागा होऊ द्यावी आणि एकदमच पुढे जावं, असं जाणकार सांगतात. या जाणकारांनी साताऱ्यात पंधरा फूट जागा सोडून बघावी. दोन स्कूटी आणि एक रिक्षा तिथं आधीच असते.

चौथा सीव्हीटी, पायऱ्यांचे गिअर नसलेला. बऱ्याचदा त्याच्या पुढ्यातही टॉर्क कन्व्हर्टरच असतो, म्हणून थोरल्याचे नियम लावावेत.

रांग मिनिटभर हलणार नसेल तर एन (न्यूट्रल) आणि हँडब्रेक. निघताना ब्रेक दाबून डी, गाडीला बारीक हिसका बसेपर्यंत दम धरा, मग सोडा. एएमटीत डॅशबोर्डवर एकचा आकडा यायची वाट बघा. उतारावर मात्र एनमध्ये गाडी सोडू नये. पेट्रोलचे चार थेंब वाचवायला ब्रेक तापवण्यात अर्थ नाही.

वर पोचल्यावर पार्किंगही उतारावरच मिळतं. पी म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली बोटाएवढी लोखंडी खुंटी. थेट पीमध्ये टाकून पाय काढला तर अख्ख्या गाडीचं वजन तिच्यावर येतं. म्हणून आधी ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक. पाय सैल करून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, पुन्हा ब्रेक दाबून शेवटी पी. एएमटीत बहुधा पी नसतोच. तिथं गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा आणि चाकामागे दगड लावायचा.

हा क्रम चुकला तर परत निघताना लिव्हर हलत नाही, आणि हललाच तर ‘खाट्’ असा आवाज येतो. मागून विचारणा होते, ‘काय तुटलं?’ काही तुटलेलं नसतं, खुंटी सुटलेली असते. पण आवाजानं दचकून डावे साहेब पुन्हा कामावर हजर झालेले असतात, आणि पेढे पुढच्या सीटवर.