दहा मिनिटांच्या खेळात पोराचं डोकं मोजता येत नाही

आमच्या यवतमाळकडच्या गावांत पालकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतो आहे. 'मुलाला दहा मिनिटं पत्त्यांचा खेळ खेळू द्या. संगणकाचं मॉडेल त्याचा शिकण्याचा वेग दशांशापर्यंत अचूक सांगेल. आकडा जन्मजात असतो, त्यावरून शाखा निवडा.' दहावीनंतर आईबाप आधीच धास्तावलेले असतात, म्हणून लिहितो.

'दहा मिनिटं पुरतात.' नाही पुरत. असल्या मॉडेलात निदान दोन पॅरामीटर, म्हणजे प्रत्येक मुलासाठी काढायचे आकडे, असतात: अनुभवाने अपेक्षा किती बदलते तो वेग, आणि त्या अपेक्षेला धरून मूल किती ठामपणे निवडतं तो ठामपणा. एकाचा वेग ०.२, ठामपणा ५. दुसऱ्याचा ०.५ आणि २. खेळात पत्त्यांच्या दोन गड्ड्या, दोन्हींकडून सुरुवातीची अपेक्षा शून्य. एका गड्डीतून १ गुण मिळाला की तिच्याकडून पहिल्याची अपेक्षा ०.२ होते, दुसऱ्याची ०.५. अपेक्षा आणि ठामपणा यांचा गुणाकार दोघांचाही १, म्हणून मॉडेलच्या सूत्राने तीच गड्डी पुन्हा धरण्याची शक्यता दोघांचीही ७३ टक्के! तिथेच दुसरा गुण मिळाल्यावर ती ८६ आणि ८२ होते. एवढा फरक पाचपंचवीस चालींत कुठून दिसणार? २०१७ला गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली आणि पुढच्या साली कोणी सोयाबीन पेरलं. तो शेतकरी अळीमुळे धडा शिकला, की दर साली पीक बदलणाराच आहे, हे त्या एका पेऱ्यावरून आपण तरी सांगू का?

'मॉडेल मुलाच्या चालींशी जुळलं, म्हणजे आकडा खरा.' आताच पाहिलं, वेग-ठामपणाच्या दोन वेगळ्या जोड्याही जवळजवळ सारख्याच जुळतात. आधी ठाऊक आकडे देऊन संगणकालाच खेळवायचं, आणि तेच आकडे परत निघतात का ते पाहायचं, ही खरी तपासणी. ती केली का, हे मेसेज पाठवणाऱ्याला विचारा.

'जन्मजात असतो.' २००७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की बक्षिसाची बाजू वारंवार पालटू लागली की तीच माणसं जास्त वेगाने शिकतात. वेग परिस्थितीप्रमाणे बदलतो.

'हजारो मुलांच्या माहितीवर बनवलंय.' गटाची माहिती जोडली की अंदाज स्थिर होतो, हे मान्य. पण मग प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे ओढला जातो, आणि ज्याच्या चाली कमी त्याचा सर्वांत जास्त. तो गट शहरातल्या मुलांचा असला, आणि नेट गेल्यामुळे घाटंजीच्या पोरीचा खेळ अर्ध्यावर राहिला, तर तिच्या नावापुढे येणारा आकडा बराचसा त्या शहरी मुलांचाच असेल.