ताप म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे

आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला तो मेसेज एव्हाना इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत पोचला असेल. रामबागेतल्या काकूंकडे आहे, सुदामा नगरच्या भजनी मंडळात आहे, परवा तर ताईच्या शेजारणीने त्याची प्रिंट काढून आणून दिली. 'ब्लड कॅन्सर ९० दिवसांत मुळापासून बरा' असा मथळा. सदाफुलीची चार पानं रोज उपाशीपोटी चावा, गव्हांकुरांचा आणि पपईच्या पानांचा रस घ्या, साखर बंद करा. केमो घेऊ नका, माणूस कॅन्सरने नाही, केमोने मरतो. केमो चालू असताना ताप आलाच तर घाबरू नका, शरीर विष बाहेर टाकतंय, तीन दिवस लंघन करा. आणि सगळ्यात खाली, 'टाटाच्या डॉक्टरांचा सल्ला'.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार, आहे आणि केमोचा हा पाचवा महिना. त्यामुळे हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

आधी तापाचंच घेते, कारण त्या एका वाक्यापायी आमचं पोर हातचं जात होतं.

केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या न्युट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्या दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की धोका. एरवी जखम लाल होते, सुजते, पू धरते, ते या पेशींचंच काम असतं. त्याच नसल्या तर जंतू रक्तात शिरला तरी वरून काही दिसत नाही. ना पू, ना सूज. दिसतो तो बहुतेकदा फक्त ताप. म्हणजे घरच्यांना मिळणारी ती एकुलती एक खूण, आणि मेसेज म्हणतो तिच्याकडे लक्ष देऊ नका.

त्या रात्री साडेनऊला ताईने थर्मामीटर लावला, १००.८ होता. बॅग दाराशी भरलेलीच असते. ती उचलणार तोच तिचे सासरे फोन घेऊन आले. नातवावर जीव टाकणारा माणूस. म्हणाले, "अगं, यात लिहिलंय, उतरेल आपोआप. एवढ्या रात्री कुठे नेतेस लेकराला? सकाळी बघू." ताई थांबली. पावणेबाराला त्याचे हातपाय थंडगार पडले, कपाळ तापलेलं, आणि हाक मारली तर नीट ओ देईना. हॉस्पिटलमध्ये न्युट्रोफिल निघाले १८०. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू निघाले. आठ दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. डॉक्टरांनी ताईला विचारलं, ताप पहिल्यांदा किती वाजता दिसला? तिने खरी वेळ सांगितली. त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतली आणि काही बोलले नाहीत. ताई ते अजून विसरलेली नाही.

तेव्हा हे नीट वाचा. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस, ताप आला की रात्र असो की दिवाळी, हॉस्पिटल गाठायचं. पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा कॅन्सर वॉर्डांचा नियम असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी पॅरासिटामॉलसुद्धा द्यायचं नाही, कारण त्याने फक्त थर्मामीटरवरचा आकडा उतरतो. आणि लंघन? ज्याच्या तोंडात फोड आहेत, ज्याला चार घास मऊ खिचडी गिळायला अर्धा तास लागतो, त्याला तीन दिवस उपाशी ठेवा म्हणणाऱ्याने एकदा त्याच्यासमोर ताट घेऊन बसावं.

आता सदाफुली. इथे अर्धं सत्य आहे आणि ते नाकारता येत नाही, म्हणूनच लोक फसतात. भाच्याला दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध खरंच सदाफुलीतून आलं आहे. अमेरिकेत त्याला १९६३ मध्ये मान्यता मिळाली. पण ते सापडलं कसं, हे मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५० च्या दशकात सदाफुली तपासायला घेतली ती मधुमेहासाठी, कारण काही देशांत तिच्या पानांचा काढा साखरेवर घेतात. उंदरांना अर्क तोंडातून दिला, तर साखरेवर विशेष काहीच परिणाम झाला नाही. टोचून दिला, तेव्हा उंदरांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. पांढऱ्या पेशी पाडणारं काहीतरी यात आहे हे त्यावरून कळलं, आणि त्या दिशेने पुढचं काम झालं. म्हणजे तोंडातून घेऊन काय होतं आणि पांढऱ्या पेशी संपल्या की काय होतं, मेसेजमधल्या दोन्ही गोष्टींचं उत्तर त्या जुन्या प्रयोगातच आहे.

शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिन निघतं. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि तेही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस दगावतो. इतकं मोजून दिलेलं हे औषधसुद्धा काय करतं ते मी रोज बघते. भाच्याच्या पायांना मुंग्या येतात, पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल मागेच राहते. ती उचलून तो हातात धरतो आणि तसाच अनवाणी बाल्कनीपर्यंत जातो. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. चार पानांत या औषधाचा पत्ताही लागणार नाही, पण त्याच पानांतली दुसरी डझनभर द्रव्यं पोटात जातील आणि उलट्या होतील, त्या मात्र खऱ्या.

गव्हांकुर घरातल्या ट्रेमध्ये, ओल्या मातीत वाढवतात आणि कच्चेच वाटतात. पेशी तळाला असताना माती आणि बुरशी पोटात घालायची? शिवाय केमोतलं मेथोट्रेक्सेट हे औषध फॉलिक ॲसिड या रक्त वाढवणाऱ्या जीवनसत्त्वाची वाट अडवूनच काम करतं, त्यामुळे 'रक्त वाढवणारं' काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नये. पपईचा रस डेंग्यूवरून आलाय. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि आजार ओसरला की बहुतेकांच्या आपोआप चढतात, श्रेय रसाला मिळतं. ल्युकेमियात प्लेटलेट बनवणारी अस्थिमज्जाच (हाडांतला मगज) आजाराने आणि औषधाने बसलेली असते. साखर? उपचारातल्या स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर वाढते, ती डॉक्टर तपासतात, तेवढं खरं. पण स्टेरॉइडच्या दिवसांत पहाटे तीनला उठून "आई, पोहे" म्हणणाऱ्या मुलाच्या पोह्यांतली चिमूटभर साखर काढून ल्युकेमिया हटत नाही. कच्चा कांदा-कोथिंबीर आणि बाहेरची शेव मात्र ताई घालत नाही, ते बरोबर आहे.

केमो विष आहे का? आहे. केस गेले, तोंड आलं, वजन घटलं, हे कुणीच लपवत नाही. पण केमो नव्हती तेव्हा या आजाराची मुलं काही महिन्यांत जात. आज चांगल्या उपचाराने यातली बहुतेक मुलं बरी होतात. आपल्याकडे जी हातची जातात, त्यांतली कितीतरी उपचार मध्येच सोडल्यामुळे जातात. असे मेसेज नेमकं तेच करायला सांगतात.

आणि टाटाचं नाव घेतलंच आहे तर सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सहीनिशी पत्रक काढलं होतं. हळद, कडुनिंब असल्या सिद्ध न झालेल्या उपायांच्या नादी लागून उपचार लांबवू नका, असं त्यात स्पष्ट होतं.

ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी, भाच्याच्या प्लेटलेट पुन्हा खाली आल्या आहेत. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे फार आधी काढून साठवता येत नाहीत, दर वेळी दाता शोधावा लागतो. घरच्या ग्रुपवर १८ ते ६० मधले निदान पंधराजण आहेत. शनिवारी सकाळी दोघं हवेत. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी, आणि येताना घरून पोटभर खाऊन या.