अंगठाछाप

काल माझ्या अंगठ्याने मला भर बाजारात ओळख दाखवली नाही.

पीएम किसानचा हप्ता अडकला होता. ई-केवायसी करा म्हणे. ओटीपीने करावी तर आधारला जोडलेलं सिम थोरल्याने रिचार्ज न करून मारून टाकलेलं. म्हणून गेलो तालुक्याला, अंगठा द्यायला.

"काका, दाबा," केंद्रातला पोरगा म्हणाला. दाबला. "जुळत नाही. दुसरा." दुसराही नाही. दहाही बोटं झाली. पंधरा दिवस कांदे कापतोय. बोटांवरच्या रेषा कांद्याच्या पातीबरोबर कधीच गेल्या.

बाकावर एक तात्या बसले होते. त्यांचं काम दोन वर्षांपूर्वीच झालेलं. ते पंख्यासाठी येतात.

"केसांत फिरवा अंगठा. तेलकट झाला की धरतो."

मी टोपी काढून टक्कल दाखवलं.

तात्यांनी क्षणभर विचार केला, आपली टोपी मांडीवर ठेवली आणि डोकं पुढे केलं. "घ्या, माझ्यात फिरवा. लाजू नका."

सांगायला नको, पण मी फिरवला. मागे बावीस माणसं रांगेत, आणि मी परक्या माणसाच्या डोक्यावर देवाला गंध लावावं तसा अंगठा घासतोय. वर तात्यांच्या सूचना: "कानामागं घ्या, तिथं तेल जास्त मुरतं." यंत्राला तेल लागलं, अंगठा लागला नाही. पोरगा माझ्याकडे न बघता काच पुसत बसला.

"माझा बघा," म्हणून तात्यांनी आपला अंगठा नाचवला. पेढ्यासारखा मऊ! "पहिल्या दणक्यात लागतो. वावर वाट्यानं दिलंय, खुरप्याला हात लावून अकरा वर्षं झाली."

म्हणजे शेतकरी ते. मी संशयित.

आमचे आजोबा अंगठाबहाद्दर. तलाठ्यापुढे अंगठा उठवायची त्यांना इतकी लाज, की बापाला मारून मुटकून शाळेत घातलं. बापाने मला बी.ए. केलं. तीन पिढ्या खपून अंगठा सोडवला, आणि सरकारने तोच परत मागितला. तोही आता जागेवर नाही. आजोबांचा निदान उठायचा तरी!

आणि हे सगळं कशासाठी? वर्षाला 6,000, तीन हप्त्यांत. दिवसाला पडतात 16 रुपये 44 पैसे. 2019 साली योजना आली तेव्हाही 2,000चाच हप्ता होता. त्यात 1,350ची डीएपी खताची एक गोणी येते. तीही दुकानदार सुटी देईल तर. तो सोबत नको असलेलं औषध गळ्यात मारतो. राज्याच्या नमो योजनेचे आणखी 6,000 आहेत, पण तीही पीएम किसानच्याच यादीवर चालते. इथं अडकलं की तिथंही अडकलं.

भिंतीवरच्या पाटीवर 15 रुपये होते. पोराने 50 घेतले. "काम कुठं झालं?" म्हटलं, तर म्हणे, "दहा बोटं बघितली ना, काका. आठ दिवस कांद्याला हात लावू नका, मग या."

आता अंगठ्याला व्हॅसलीन चोपडून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ओट्यावर बसलोय. कांदे बायको कापतेय.

"तुझीही बोटं जातील," मी म्हणालो.

"जाऊ द्या की," ती पात उडवत म्हणाली, "सातबाऱ्यावर माझं नाव कुठंय?"