एक पान, तीनदा

गेल्या महिन्यात शोधनिबंध लेखनाच्या आणखी एका कार्यशाळेला जाऊन आले. ठिकाणाचं नाव घेत नाही. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविकातच दीड तास गेला. मग स्लाइडवर स्लाइड आणि चार वाजता प्रमाणपत्रं. दोनशे मुलं होती, दिवसभरात एकानंही एक वाक्य लिहिलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे, एम.ए. अर्थशास्त्राची, करवीर तालुक्यातली. विषय गुऱ्हाळघरांचा. तिनं आणलेल्या पानावर पहिलंच वाक्य असं: 'प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमातून गूळ उद्योगाच्या विविध समस्यांचा सर्वांगीण अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.' शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयाबाहेर चहा घेताना मी सहज विचारलं, तुमचं गुऱ्हाळ का गं बंद पडलं?

"साखर कारखान्याला ऊस गेल्यामुळं, असं सगळी म्हणत्यात मॅडम. पण तसं न्हाई. आमचा गुळव्या, म्हंजी गूळ करणारा, म्हातारा झाला. पाक थंड पाण्यात टाकून बोटानं गोळी दाबायचा, त्यावरनंच रसाची काईल कधी उतरायची ते ठरवायचा. त्याच्या पोरांनी काय ते शिकून घेतलं न्हाई. शेवटच्या हंगामात आबांनी लई हुडकलं, गुळव्याच गावला न्हाई."

अख्खा प्रबंध त्या चार वाक्यांत होता, पानावर त्यातला एक शब्द नव्हता. या मुलीला लिहिता येत नाही, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. 'संशोधनाची भाषा' म्हणजे आपलं बोलणं पुसून टाकणं, हे आपणच तिला शिकवलं आहे.

तीच गत साम्याच्या टक्केवारीची, म्हणजे निबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळतो त्या आकड्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची तर त्या तपासणीत धरतच नाहीत. म्हणजे दुसऱ्याचं वाक्य त्याच्या नावानिशी, अवतरणचिन्हांत द्यायला पूर्ण मुभा आहे. मुलं मात्र चिन्हं काढून टाकतात आणि 'वाढ' च्या जागी 'वृद्धी' घालून टक्का खाली आणतात. ही खरी चोरी, आणि ती कशी करायची हे काही कार्यशाळांत खुलेआम सांगितलं जातं! पीएच.डी.च्या मुलांना २०१९ पासून संशोधन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे, ते बरंच झालं. पण एम.ए.च्या प्रकल्पाला बसलेल्या मुलाच्या हातात काय?

माझं मागणं साधं आहे. वीसच मुलं घ्या. प्रत्येकानं स्वतःचं एक पान आणावं. ते शेजारच्यानं मोठ्यानं वाचावं आणि जिथं कळलं नाही तिथं थांबावं. तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मराठीतून लिहू द्या. इंग्रजीत न्यायचं ते नंतर नेता येतं, मुद्दाच नसेल तर काय नेणार? याला खर्च नाही, पण वीस पानं तीनदा वाचायला शिक्षक लागतात. घोडं तिथंच अडतं, हे मला माहीत आहे. आम्ही प्राध्यापकांनी तेवढा वेळ द्यायलाच हवा.

त्या मुलीनं पान तीनदा लिहिलं. तिसऱ्या खेपेचं पहिलं वाक्य: 'आमच्या गावातलं गुऱ्हाळ उसाअभावी नव्हे, गुळव्याअभावी बंद पडलं.' वाचणाऱ्या मुलानं समासात पेन्सिलीनं विचारलं, 'एकाच गावात की सगळीकडे?' तिच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी ती वही घेऊन गावोगाव फिरते आहे. अकरा गुऱ्हाळघरं झाली.