डोळे मिटून ध्यान जमत नसेल तर डोळे उघडे ठेवून झाडाजवळ बसा

माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं, म्हटलं की हल्ली आधी ॲप डाउनलोड होतं, मग हेडफोन, मग बंद खोली, आणि काही दिवसांनी "मला नाही जमत, डोक्यातले विचार थांबतच नाहीत" असं म्हणून लोकं सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण विचार थांबवायचे असतात हे कोणी सांगितलं? लक्ष भरकटलं की परत आणायचं, एवढंच करायचं असतं, आणि ते परत आणायला झाडाइतकी सोपी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९८९ मध्ये हे फार छान मांडलं होतं. स्क्रीन, रहदारी, काम, मेसेज, या सगळ्यात आपण लक्ष जोर लावून धरून ठेवतो आणि ते थकतं. आणि हलणारी पानं, ढग, वाहतं पाणी हे लक्ष अलगद ओढून घेतं, त्यात जोर लावावा लागत नाही, म्हणून थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते. बसून बघा, लगेच कळेल.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना ९० मिनिटं हिरवाईत चालवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. हिरवाईत चाललेल्यांचं तेच तेच नकोसे विचार उगाळत बसणं कमी झालं आणि मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागातली हालचालही कमी दिसली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं तरी निसर्गात घालवणारे लोक तब्येत आणि समाधान दोन्ही चांगलं असल्याचं जास्त सांगतात, मग ती १२० मिनिटं एकदम असोत की तुकड्यातुकड्यात. अर्थात मुळात तब्येत बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं, त्यामुळे या आकड्याचं टार्गेट करू नका प्लीज, घड्याळ बघत झाडाखाली बसण्यात काही अर्थ नाही.

करायचं काय, तर फोन सायलेंट करून बॅगेत टाका (हातात असला की फोटो काढावासा वाटतोच, आणि फोटो काढला की आपण तिथून निघालोच म्हणून समजा). मग आधी लांबचे आवाज ऐका, मग जवळचे, मग अगदी जवळचा स्वतःचा श्वास. श्वास सोडताना थोडा जास्त वेळ घ्या, श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात. मग एकच गोष्ट घ्या, खोडाची साल किंवा एखादं पान किंवा मुंग्यांची रांग, आणि बघत राहा. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ दे, त्याच्या पुढेच खरी मजा आहे. आणि दरवेळी नवीन जागा शोधू नका, त्याच झाडाकडे परत परत जा, पालवी, फुलं, पानगळ, सगळं बघा त्याचं.

अध्यात्म म्हणाल तर माझ्यासाठी ते इथेच आहे. मी सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ते पान घेतं आणि उन्हात ऑक्सिजन सोडतं, हे शाळेत सगळेच शिकतो, पण त्या झाडासमोर शांत बसून हे जाणवतं तेव्हा "मी" आणि "बाहेरचं जग" ही भिंत खरंच पातळ होते. बुद्धांनी भिक्खूंना ध्यानाला अरण्यात, झाडाच्या बुंध्याशी बसायला सांगितलं ते मला उगाच वाटत नाही. याला देव म्हणा किंवा काहीच म्हणू नका, अनुभव तोच राहतो.

फक्त ज्यांना डिप्रेशन आहे किंवा ज्यांची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी हे औषधांच्या ऐवजी करू नये, सोबत करावं.

आणि घरात कोणी आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, बाहेर पडता येत नसेल, तर त्यांचा पलंग खिडकीकडे सरकवा. १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंट्सच्या नोंदी तपासल्या, तर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती. एखादं झाड दिसत असेल तर पडदा बाजूला करा आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून तुम्हीही बघा.