बीडच्या गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार गुरुजी,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच फणकाऱ्यानं काहीबाही टाइप केलं होतं, बरं झालं पोस्ट नाही केलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फिनलंडच्या शाळेवरच्या माझ्या पोस्टखाली बीड जिल्ह्यातल्या एका झेडपीच्या गुरुजींनी लिहिलंय की ताई, चार दिवस पाहुणी म्हणून शाळा बघायची आणि आम्हाला शहाणपण शिकवायचं हे सोपं आहे, पंचावन्न लाखांचा श्रीमंत देश तो, त्याची आमच्याशी बरोबरी कशाला, परदेशाचं लिहिता ते फक्त गोडगोड, फोटो एकही नाही म्हणजे खरंच गेला होता की नाही कुणास ठाऊक. आणि शेवटी, "माझ्या वर्गातली पोरं पण दरवर्षी परराज्यात जाऊन येतात, ऊसतोडीला. त्यांच्या प्रवासावर कुणी ब्लॉग लिहीत नाही."

शेवटच्या वाक्यावर येते, पण आधी बाकीचं उरकते.

फोटोचं सोपं आहे. आईबापांनी परवानगी दिल्याशिवाय पोरांचे फोटो काढायचे नाहीत, हे शाळेत पाय ठेवल्या ठेवल्या सांगतात. माझ्याकडं आहेत ते मोज्यांचे फोटो. बूट दारात काढून सगळी पोरं वर्गात मोज्यांवर, एकाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक, ते बघून मला काय बरं वाटलं सांगू. टाकते ते.

पाहुणीचं मात्र शंभर टक्के मान्य. माझी आई सांगली जिल्ह्यात झेडपीलाच शिक्षिका आहे, त्यामुळं साहेब येणार म्हटल्यावर शाळेत काय होतं ते मला तुम्ही सांगायला नको. रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार, हुशार पोरं पहिल्या रांगेत आणि ज्याला वाचता येत नाही त्याला पाणी भरायला धाडलेलं. फिनलंडमध्ये यवास्क्युलाला शिकायला गेल्यावर मला पहिली जी शाळा दाखवली ती युनिव्हर्सिटीचीच होती, होणारे शिक्षक जिथं सराव करतात ती. तिथं जगभरातून लोक बघायला येतात, पोरांना पाहुण्यांची इतकी सवय की तिसरीतल्या एकानं मला इंग्लिशमध्ये विचारलं, तू पण दोन तासच थांबणार का? आणि मी त्याच शाळेवर ती पोस्ट लिहिली, ती कुठली शाळा आहे हे न सांगता. ते सांगायला हवं होतं. चूक माझी.

पण श्रीमंत देशाचं तेवढं पटत नाही गुरुजी. फिनलंडमध्ये सगळ्या पोरांना शाळेत फुकट जेवण १९४८ पासून आहे, कायदा त्याच्याही आधी १९४३ ला, म्हणजे युद्ध चालू असताना झालेला. १९४८ ला तो देश युद्ध हरलेला होता, सोव्हिएत युनियनला नुकसानभरपाई फेडत होता आणि ते फेडणं १९५२ पर्यंत चाललं. सुरुवातीला जेवण म्हणजे सूप नाहीतर पेज, भाकर आणि दूध पोरांनी घरनं आणायचं, वर रानातनं बेरी गोळा करून शाळेला द्यायच्या. आपल्या खिचडीपेक्षा काही फार थोर नव्हतं ते. म्हणजे आधी श्रीमंत झाले आणि मग पोरांना जेवू घातलं असं नाही झालेलं, उलटं झालंय. (आत्ता मात्र शिक्षक पोरांबरोबर त्याच टेबलावर बसून तेच जेवतात, आणि ते चवीला इतकं अळणी असतं की मी पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवायचे.)

बरोबरीचं म्हणाल तर गंमत सांगते. शिकायला म्हणून दीड वर्ष देश बदलत फिरतेय, कुठंच असे लोक भेटले नाहीत जे म्हणाले की आमचं झकास चाललंय. पिसा म्हणून पंधरा वर्षांच्या पोरांची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, २००० च्या परीक्षेत जर्मनी सरासरीच्या खाली आला आणि तिथं एवढा हाहाकार झाला की त्याला 'पिसा शॉक' असं नावच पडलं, मग जर्मन लोक फिनलंडच्या शाळा बघायला जायला लागले. आणि मी फिनलंडमध्ये पोचले तर तिथले शिक्षक चिंतेत, कारण २००६ ला गणितात ५४८ गुण होते ते २०२२ ला ४८४ वर आलेत. ते म्हणतात एस्टोनियाला जा, त्यांचे ५१० आहेत. आणि आपण? २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल दोनच राज्यं बसवली, अगदी तळाला आली, त्यानंतर आपण त्या परीक्षेला परत बसलोच नाही. पेपर अवघड गेला म्हणून शाळाच सोडली.

आणि दुसऱ्याची शाळा बघायला जाणं ही काय फॉरेनची फॅशन नाही. जोतिरावांनी १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली त्याच्या आधी ते नगरला जाऊन फरारबाईंची मिशनची मुलींची शाळा बघून आले होते. फिनलंडची शाळा ज्यानं उभी केली तो उनो सिग्नेउस आधी अलास्कात पाद्री होता, नंतर १८५८ ला त्याला सरकारनं युरोपभर शाळा बघायला पाठवलं. परत येऊन त्यानं यवास्क्युलाला १८६३ मध्ये फिनिश भाषेतलं पहिलं अध्यापक विद्यालय काढलं आणि हातकामाचा विषय शाळेत आणला, म्हणून आजपण तिथं मुलगे विणतात आणि मुली रंधा मारतात. मी त्या दोघांच्या पायाशीपण बसत नाही, गैरसमज नको. एवढंच की ते बघून आले आणि त्यांनी काहीतरी केलं, मी बघून आले आणि पोस्ट लिहिली. तुमचा राग बहुतेक तिथंच आहे.

मी परदेशाचं फक्त गोडगोड लिहिते म्हणालात, तर जर्मनीचं मी टाळलं हे खरं, कारण लिहायला घेतलं की वाईट वाटतं. बव्हेरियात एका चौथीच्या वर्गात मी तीन आठवडे होते. तिथं चौथीनंतर पोरांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हीची सरासरी २.३३ पर्यंत आली तर गिम्नाझिउम (व्यायामशाळा नव्हे, जिथनं पुढं सरळ युनिव्हर्सिटीला जाता येतं ती शाळा), त्याच्यावर गेली तर दुसऱ्या शाळा. तिकडं १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ६ म्हणजे नापास, त्यामुळं आकडा वाढला की वाईट. नंतर रस्ते बदलता येतात, चाचणीचे तास असतात, सगळं खरं, पण मे महिन्यात ती सर्टिफिकेटं वाटली त्या दिवशी दहा वर्षांची पोरं एकमेकांना आकडे विचारत होती आणि एक मुलगी ते पाकीट दप्तरात घालून दिवसभर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. टेबलावर ठेव म्हटलं तरी नाही. आपल्याकडं दहावीचा केवढा बाऊ करतो आपण, पण निदान दहावीपर्यंत पाटलाचं आणि सालगड्याचं पोरगं एका बाकावर असू शकतं. म्हणजे असायचं. आता पाटलाचं पोरगं स्कूलबसनं सेमी इंग्लिशला जातं, तुम्हाला जास्त माहीत.

आता तुमचं शेवटचं वाक्य.

हेलसिंकीहून एस्टोनियातल्या टॅलिनला बोटीनं दोन-अडीच तास लागतात. तिथं २०२४ च्या सप्टेंबरपासून रशियन माध्यमाच्या शाळा एस्टोनियन करायला घेतल्यात, सुरुवात पहिली आणि चौथीपासून. नोव्हेंबरात मी एका चौथीच्या वर्गात मागं बसले होते. मला ना रशियन येतं ना एस्टोनियन. पण बाईंनी प्रश्न विचारला आणि एका पोरानं शेजारच्याच्या कानात भराभरा काहीतरी सांगितलं, बाई म्हणाल्या तूच सांग, तर उभा राहून गप्प. त्याला येत होतं. सांगायची भाषा येत नव्हती, तेवढंच. त्यावेळी मला जी आठवली तिच्याबद्दल मी आजपर्यंत कुठं लिहिलं नाही.

मी चौथीत असताना दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक मुलगी आली होती, तुमच्याच भागातली, ऊसतोडीला येऊन कारखान्याजवळ कोपी (झोपडी) करून राहायचे ते लोक. ती चौथीतली होती, पण बरोबर कसलाच कागद नव्हता म्हणून तिला दुसरीच्या पोरांत बसवलं. बसवणारी माझी आईच. आईचंपण काय चुकलं म्हणणार, हजेरीत नाव नाही, पुस्तक नाही, कुठपर्यंत शिकलीय ते विचारायला तिकडं फोन करावा तर कुणाला. ती पोरगी पाढे माझ्यापेक्षा फास्ट म्हणायची, एकोणतीसचा पाढा मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि ती गेली. परत तुमच्याकडच्या शाळेत तिला कुठल्या वर्गात बसवलं असेल?

तुमची कमेंट वाचून मी माझी फाइल काढून बघितली. फिनलंडहून जर्मनीला गेले तेव्हा माझे एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट माझ्याआधी पोचले होते. काय शिकले, किती मार्क, कुठला विषय राहिला, पुढच्या युनिव्हर्सिटीनं काय ग्राह्य धरायचं, सगळं आधीच सह्या होऊन तयार, भाषा वेगळी, देश वेगळा, तरी मला कुणी दुसरीत बसवलं नाही. पैसेसुद्धा स्कॉलरशिपचे, महिन्याला १४०० युरो. पंचवीस वर्षांच्या बाईसाठी एवढी यंत्रणा आहे आणि दहा वर्षांची पोरगी बीडहून वाळव्याला, नाहीतर सीमा ओलांडून कर्नाटकात जाते तर तिच्याबरोबर पातेली जातात, शेळी जाते, पण एक चिठ्ठी जात नाही. गाव सोडून जाणाऱ्या पोरांना नव्या शाळेत दाखवायला द्यायचं शिक्षण हमी कार्ड नावाचा प्रकार आपल्याकडं आहे हे मला माहितीय, मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहंपण आहेत. आईला विचारलं, तुझ्याकडं किती पोरं कार्ड घेऊन आली? ती हसली फक्त. म्हणून आता तुम्हाला विचारते, तुम्ही पाठवणाऱ्या बाजूला आहात, कार्ड भरून देता तेव्हा ते जातं कुठं? मुकादमाकडं राहतं, आईबाप हरवतात, की भरायलाच वेळ मिळत नाही कारण टोळी रात्रीतनं ट्रॅक्टरवर बसून निघून जाते? हे मी टोमणा म्हणून विचारत नाहीये, मला खरंच माहीत नाही, आणि माझ्या थिसिसचा विषय अजून ठरलेला नाही. फिनलंडवर लिहिणारे शेकड्यानं आहेत.

मी डिसेंबरच्या शेवटी घरी येतेय, महिनाभर आहे. तेव्हा ऊसतोडीमुळं तुमचा वर्ग निम्मा रिकामा असणार, मला तोच बघायचाय, आणि जी पोरं आजीपाशी मागं राहिलीत तीपण. एक दिवस नाही, पंधरा दिवस थांबेन म्हणते, तुमची हरकत नसेल तर. नंतर जानेवारीत तुमच्या गावची टोळी आमच्याकडच्या कारखान्याला असेल तर तिकडं जाईन, आईची शाळा तिथनं चार किलोमीटरवर आहे.

रांगोळी बिंगोळी काढू नका. तेवढं फक्त सांगा, तालुक्याच्या स्टँडवरनं तुमच्या वाडीला दुपारची एसटी आहे का, की वडापच?